बिनवाघाचं फ्रॅक्चर

मोहर्लीत हात मोडायचाच असेल तर त्यात वाघाचा थोडाफार तरी हात असावा. वाघ नाही तर अस्वल, अस्वल नाही तर रानडुक्कर, अगदीच काही नाही तर जिप्सी तरी उलटलेली असावी. बोअरिंगजवळच्या शेवाळलेल्या फरशीवर, रिकामी बादली हातात असताना, घसरून मोडलेल्या हाताला या गावात काडीची किंमत नाही. माझा तसा मोडला. उजवा. आणि मी लिहून पोट भरते.

गाव ताडोबाच्या दारातलं. इथे भेटल्यावर आधी ‘साइटिंग झाली का?’ विचारतात, तब्येतीचं नंतर. गळ्यात झोळी आणि झोळीत प्लास्टर अशा थाटात मी पहिल्यांदा नाक्यावरच्या टपरीवर गेले, तेव्हा तिथे पुण्याकडचं एक कुटुंब चहा पीत बसलं होतं. जुलै लागलेला, कोअरचं गेट बंद. बिचारे भर पावसात बफरची फेरी करून आले होते आणि त्यांच्या पदरात साग, चिखल आणि एक भिजलेला मोर एवढंच पडलं होतं. घरच्या कर्त्या पुरुषाची नजर माझ्या हातावर गेली. ‘वाघ?’ त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत टपरीवाल्या भाऊनं चहा वरून खाली ओतता ओतता ‘हाव’ म्हणून टाकलं. दोन अक्षरांत त्यांची सहल वसूल झाली. धाकटा मुलगा आईला जाऊन चिकटला, आणि त्या माउलीनं माझ्याकडे ज्या आदरानं पाहिलं तेवढा आदर मला माझ्या कुठल्याही लेखानं आजवर मिळवून दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मंडळींसाठी त्यानं अस्वल लावलं. मी कारण विचारलं. म्हणाला, ‘रोज रोज वाघ म्हटलं तं वनखात्याचे लोक येतीन ना जी इचाराले.’ बरोबरच होतं. वन्यप्राण्यानं जखमी केलं तर सरकारकडून भरपाई मिळते, आणि भरपाई म्हटली की पंचनामा आला. शेवाळाचा पंचनामा होत नाही.

त्याच टपरीच्या कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारबा रोज बसलेले असतात. त्यांना मात्र खरोखरच अस्वलानं धरलं होतं. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. वेचायला माणसं उजाडायच्या आधी रानात शिरतात, आणि अस्वलालाही मोह आवरत नाही. म्हातारबांच्या गालावरून कानापर्यंत जुना ओरखडा गेलेला आहे, एक कोपर पुरतं सरळ होत नाही. त्यांना पर्यटक काही विचारत नाहीत, कारण त्यांच्याकडे फार वेळ कोणी पाहतच नाही. टपरीवाला त्यांची गोष्ट कधी विकत नाही, आणि ते स्वतःही सांगत नाहीत. मला त्यांनी एवढंच विचारलं, ‘आतमधी खाजोते का?’ मी हो म्हटलं. ‘काडी नोको घालजा. आत मोडते.’ आणि परत समोरच्या रस्त्याकडे बघत बसले.

माझा हात मोडला त्याच वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या आठवड्यात टपरीवर कोणी वाघाच्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. पर्यटक येत होते, चहा होत होता, एवढंच.

माझ्या हाताकडे येते. चंद्रपूर इथून तीसेक किलोमीटर. शेजारच्या पोरानं जिप्सी काढली, मी हात उशीवर ठेवून मागे बसले. चितळाचा कॉल ऐकून ज्या सफाईनं तो गाडी जागच्या जागी थांबवतो, त्याच सफाईनं तो प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत होता. फरक इतकाच, की एरवी थांबून जंगलाकडे बघतो तसा त्या दिवशी तो माझ्या तोंडाकडे बघत होता. दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत पहिल्यांदा बांगड्या काढायला लावल्या. मग डॉक्टर फिल्म उजेडापुढे धरून म्हणाले, ‘कॉलीज.’ मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि ते हाड मोडतं, तेच. घरी येऊन मी शोधलं. अब्राहम कॉलीज नावाच्या डब्लिनच्या सर्जननं हे फ्रॅक्चर १८१४ मध्ये लिहून ठेवलं, म्हणजे एक्स-रे निघायच्या ऐंशी वर्षं आधी, नुसतं चाचपून. पुढे १८९५ च्या डिसेंबरात राँटगेननं एक्स-रेनं हाताचं पहिलं गाजलेलं चित्र घेतलं, तो हात त्याच्या बायकोचा. बोटात अंगठीसुद्धा दिसते. चित्रात हात बायकोचा आणि नाव नवऱ्याचं, ही जगाची रीत विज्ञानानंही मोडली नाही. आणि तिला अंगठी काढायला कोणी लावलं नव्हतं, हे मी टेक्निशियनला सांगायला हवं होतं.

हाड जुळण्याची हकिकत डॉक्टरांनी मोठ्या गोडीनं सांगितली. आधी मोडल्या जागी रक्त साकळतं, मग त्यात मऊ कूर्चेचा सांधा धरतो, त्याचं ओबडधोबड हाड होतं, आणि मग महिनोन्‌महिने शरीर ते हाड घासून-तासून पूर्वीच्या आकारावर आणत बसतं. म्हणजे कच्चा खर्डा सहा आठवड्यांत आणि दुरुस्त्या वर्षभर. माझं लिखाणही असंच चालतं, फक्त हाडाला संपादकाचे फोन येत नाहीत.

मला येत होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक आषाढातच दिवाळीचं लिहायला बसतो. वर्षभर मी मिळेल ते लिहिते. रिसॉर्टची माहितीपत्रकं, सरकारी पुस्तिकांचे अनुवाद, कुणाच्या निवृत्तीचं भाषण, एकदा तर एका लग्नपत्रिकेवरचा मजकूरही. पण जुलै-ऑगस्टमध्ये कबूल केलेल्या लेखांवर माझा हिवाळा जातो. मानधन येतं ते होळीच्या सुमारास, ते सोडा. डॉक्टरांनी सहा आठवडे म्हटलं तेव्हा मी मनात कॅलेंडर उलटलं आणि मला हातापेक्षा तेच जास्त दुखलं.

पण मोहर्लीत कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. त्याचं कारण मला हळूहळू उमगलं. कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. गाइड, जिप्सीवाले, रिसॉर्टमधली पोरं, सगळ्यांचं माझ्यासारखंच: फेरी झाली तर पैसे. बफरची गेटं उघडी असतात, पण उन्हाळ्यातल्या रांगा पावसात कुठल्या? आजारपणाची पगारी रजा नाही, फंड नाही, उद्या काम असेल याची हमी नाही. लेखक म्हणून माझी जी दशा मी शहरातल्या मित्रांना समजावून समजावून थकले, ती इथे निम्म्या गावाला जन्मापासून ठाऊक आहे. उलट त्यांना मंगळवारची सुट्टी तरी आहे, मंगळवारी गेट बंद असतं. मला तीही नाही.

माझी शेजारीण गेटवर गाइड आहे. मी डोकं धरून बसलेली पाहून ती म्हणाली, ‘बसा ना जी ताई निवांत. जंगल बी बसलं हाये.’ एवढं बोलून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, ती रोवण्याला निघून गेली. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून धानाचे परे लावायचे आणि संध्याकाळी येऊन दुसऱ्याला निवांत बसायला सांगायचं! पावसाळ्यात गावात खरोखरच बसून असतं ते फक्त प्लास्टरवालं माणूस. बाकीचे ‘बसलोय’ म्हणतात आणि कौलं चाळत असतात, बांधी धरत असतात, बैलामागे चालत असतात. दुपारी पत्त्यांचा डाव पडतो हे खरं, पण त्या डावातही मला घेईनात. तेरा पानं एका हातात धरून दुसऱ्यानं टाकायची असतात, आणि मी मांडीवर मांडलेली पानं सगळ्या गावाला दिसत.

कुरकुरीलाही इथे वाव कमी. वरोऱ्याचं आनंदवन याच जिल्ह्यातलं. बाबा आमट्यांनी ते १९४९ मध्ये सुरू केलं. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना पुढे बसताच येत नसे, वर्षानुवर्षं एक तर उभं नाही तर आडवं राहून ते काम करत राहिले. तिथल्या मागावर, बोटं झडलेल्या हातांनी विणलेली एक सतरंजी माझ्या खोलीत अंथरलेली असते. मनसोक्त कण्हायचं असलं की मी आधी ती गुंडाळून कोपऱ्यात ठेवी.

एका हातानं काय काय होत नाही, याची यादी मी करणार नाही. ती केली तर नाड्यापासून सुरू होईल. पण दोन-तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली वेणी. शेजारीण रोवण्याला जायच्या आधी पहाटे येऊन माझी वेणी घालून द्यायची, आणि तिला घाई असल्यामुळे ती इतकी ओढून घालायची की माझ्या भुवया दुपारपर्यंत वर चढलेल्या असत. त्या काळात मला भेटलेल्या सगळ्यांचा असा समज झाला की त्यांच्या बोलण्यानं मी थक्क झाले आहे. काही जण त्यामुळे जास्त बोलले.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. रात्री घराबाहेर पडायचं तर मोहर्लीत दोन वस्तू लागतात, बॅटरी आणि काठी. बॅटरी समोर काय आहे ते बघायला, काठी त्याला आपण आहोत हे कळवायला. मला एकच हात. आता काय न्यावं? यावर टपरीवर दोन तट पडले. बॅटरीवाले म्हणाले, दिसलंच नाही तर काठी कोणावर आपटणार? काठीवाले म्हणाले, दिसलं तर बॅटरी काय त्याला फेकून मारणार? वाद दोन संध्याकाळी चालला. शेवटी त्या म्हातारबांनी निकाल दिला, ‘रातच्याला बाहेर जाऊ नोको म्हनाव.’

तिसरी, डावा हात. चमच्यानं जेवायला मी शिकले, पण देवळात प्रसाद घ्यायची वेळ आली तेव्हा डावा हात पुढे करवेना. मागे सरले. शेजारणीच्या सासूबाई पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी माझा डावा हात मनगटाला धरून पुढे केला आणि पुजाऱ्याला ठणकावलं, ‘द्या. देवाले समजते कोनता मोडला हाये थे.’

या सासूबाईंचा प्लास्टरवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास हाडजोडीवर. चौकोनी कांड्यांची हिरवी वेल असते, कुंपणावर चढते, मोडक्या हाडावर तिचा लेप बांधायची इथे जुनी पद्धत. लेप बांधायला माझा हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी तिची चटणी केली. ही वेल कच्ची राहिली तर घशाला चावते, म्हणून चिंच घालून चांगली शिजवावी लागते. त्या दिवशी पाऊस होता, चूल नीट पेटली नव्हती. प्लास्टरच्या आत खाज होतीच, आता घशातही सुटली, आणि दोन्हीकडे बोट पोचत नव्हतं. पण त्याच घरातून वास्त्यांची भाजी आली, तरोटा आला, एकदा सात्या आल्या, आणि सात्यांचं कालवण खाल्ल्यावर मी त्यांना हाडजोडीसकट सगळं माफ केलं. वानरांनी मात्र माझी गय केली नाही. एक हात गळ्यात अडकलेला माणूस म्हणजे केळ्यांची पिशवी नुसती टांगून ठेवलेला खांब, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आता लिहिण्याचं. फोनशी बोललं की तो लिहितो, मराठीतसुद्धा, २०१७ पासून. मी खाटेवर बसून त्याला लेख सांगायला लागले. पण माझ्या खोलीवर टिनाचं छप्पर आहे, आणि पाऊस सुरू झाला की फोन माझं ऐकायचं सोडून पावसाचं लिहून घेई. एकदा अर्धं पान नुसतं ‘तर तर तर तर’ उमटलं. ते तसंच एखाद्या अंकाला पाठवलं असतं तर कविता म्हणून लागलंही असतं, असं मला अजून वाटतं.

मग शेजारणीची मुलगी लेखनिक म्हणून आली. दहावीत आहे, अक्षर मोत्यासारखं. तिला मी पहिल्या दिवशी भारावून सांगितलं, की ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, आणि ग्रंथाच्या शेवटी त्यांचं नाव आहे, आज सातशे वर्षांनीही आपण ते घेतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ‘मंग त्यायले काय भेटलं?’

‘नाव.’

‘मले रिचार्ज पाह्यजे.’

ठरलं. मी सांगायला लागले, ‘पावसाळा सुरू झाला की जंगल हिरवा शालू नेसतं.’ पेन थांबलं. ‘काय झालं?’ ‘हे पाचवीत लिवलं होतं मी निबंधात,’ ती म्हणाली. ‘दहापैकी सहा भेटले.’ मी ते वाक्य काढायला सांगितलं. पुढे सरकले. ‘दूर कुठेतरी वाघाची डरकाळी घुमली.’

‘कधी?’

‘अगं, काल रात्री.’

‘काल रातच्याला तं भजन होतं ना, मारुतीच्या देवळात. माइक लावून.’

आईचं पोटच जंगलावर, त्यामुळे पोरीला सगळं माहीत. सांबर कशाला ओरडतं, चितळ कशाला, वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखा आवाज काढतं तेव्हा खाली काय असतं, हे सगळं तिला कळतं, आणि मला कळत नाही हेही तिला कळतं. मी सांगितलेल्या ‘घनदाट’, ‘निबिड’ आणि ‘गूढरम्य’ यांतला एकच शब्द ती ठेवी. कुठला ठेवायचा ते तीच ठरवी. कारण विचारलं की म्हणे, ‘हात दुखते.’ यावर मी काय बोलणार? हात दुखण्याचा मुद्दा या घरात माझा एकटीचा राहिला नव्हता. महिनाभरानं एका संपादकांचा फोन आला. यंदा तुमची भाषा फार सुटसुटीत झाली आहे, म्हणाले, काही विशेष? मी म्हटलं, प्रकृती बरी नाही.

या सगळ्या काळात गावात माझी चौकशी व्हायची ती दुसऱ्या क्रमांकाची. पहिला मान छोटा मटकाचा. ताडोबाच्या उत्तरेकडच्या निमढेला भागातला हा नर वाघ. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यानं बजरंग नावाच्या दांडग्या वाघाला झुंजीत मारलं होतं. २०२५ च्या मे महिन्यात त्याची ब्रह्मा नावाच्या वाघाशी जुंपली. ब्रह्मा मेला, आणि मटक्याचा पुढचा पाय जायबंदी झाला. पुढचा पाय म्हणजे आपल्या हिशेबानं हातच. तो लंगडताना दिसला, लंगडण्याच्या बातम्या झाल्या, आणि बातम्या वाचून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून त्याच्या दुखण्याची दखल घेतली. माझ्या दुखण्याची स्वतःहून दखल घेणारा एकच, तो विमा एजंट. टपरीवर मला पाहिलं की विचारपूस व्हायची, ‘मटक्याचा पाय कसा हाये म्हन्ते पेपरात?’ मी पेपरात काय आलं ते सांगे. मग सगळे थोडा वेळ हळहळत. मग कोणीतरी, उरलेल्या चहाबरोबर, ‘आन् तुमचा?’

मत्सर वाटावा असंच होतं, पण वाटला नाही फारसा. रानात त्याला रजा कोण देणार? शिकार साधली तर पोट भरलं, नाही तर उपास, आणि वर आपला इलाखा दुसरा कोणी बळकावेल याची धास्ती. माझा इलाखा फार तर एखादा तरुण ब्लॉगवाला घेईल. गावकऱ्यांच्या हळहळण्यात काळजीही होती. जखमी वाघाला चितळामागे पळवत नाही, मग तो गोठ्याकडे वळतो, कधी माणसाकडे. ऑगस्टच्या अखेरीस त्याला बेशुद्ध करून चंद्रपूरच्या उपचार केंद्रात नेलं. त्या दिवशी टपरीवाल्यानं गिऱ्हाइकांना माझ्या हाताची कुठलीच गोष्ट सांगितली नाही. खरी बातमी हाताशी असताना खोटीचा माल कोण काढतो?

तोवर माझं प्लास्टर निघालं होतं. आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, फिकट, कातडी सोललेल्या हरभऱ्याच्या रंगाची, आणि मनगट गंजलेलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिले: रबरी चेंडू दाबायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, ओला टॉवेल पिळायचा, मुठीत वाटी धरून हात उपडा-सुलटा करायचा. टपरीवर मी ते करून दाखवले. मंडळींनी नीट पाहिले आणि एकमुखानं निदान केलं, की हा तर खर्रा घोटायचा व्यायाम. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून तळहातांत किंवा दोरीवर घोटघोट घोटायचा, हा चंद्रपूर-गडचिरोलीचा लाडका उद्योग. मनगट, बोटं, अंगठा, सगळे सांधे कामाला लागतात हे खरंच आहे. ‘तुम्ही खाऊ नोका जी, नुसता घोटून द्या. तुमचा हात बी मोकळा होते, आमचं बी काम होते.’ शेजारच्या गडचिरोलीत अभय बंग आणि त्यांचे सहकारी ‘मुक्तिपथ’ अभियानातून दारू आणि याच तंबाखू-खर्ऱ्याच्या मागे लागलेले, आणि इकडे मी उपचार म्हणून तो घोटत बसायचं! मी नकार दिला. टपरीवाल्याला मनापासून वाईट वाटलं. फुकटचे दोन हात त्याला पुन्हा कुठून मिळणार?

खरा गुण आला तो पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्यांना घट्टे पडलेले असतात, त्यांना हळद आणि तूप लावून, पळसाच्या पानांनी चोळून, शेकून, उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण देतात. शेजारणीचे सासरे अंगणात बैलाच्या खांद्याला तूप चोळत होते. मी कौतुकानं बघत उभी होते. एक बैल झाला, दुसरा झाला. वाटीत तूप-हळद उरली होती. म्हाताऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं, मला म्हटलं, ‘आना इकडं.’ आणि माझं मनगट हातात घेऊन, ज्या जोमानं बैलाला चोळलं त्याच जोमानं चोळायला लागला. मी ओरडले. बैलानं मान वळवून पाहिलं. ‘थो नाही ओरडला,’ म्हातारा म्हणाला. पण त्या रात्री मनगट वळलं. पुष्कळ दिवसांनी हाताचा तळवा माझ्याकडे झाला. फिजिओच्या मॅडमना मी हे सांगितलेलं नाही. त्यांच्या चेंडूला श्रेय जातंय तर जाऊ दे. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं आवतण बैलांबरोबर मलाही होतं, आणि ती मी उजव्या हातानं खाल्ली, थोडी सांडत.

एकच प्रकरण निस्तरायचं राहिलंय, ते सहीचं. हात गळ्यात असताना मी एका बँकेत पैसे काढायला गेले होते. स्लिपवर डाव्या हातानं सही केली. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, सही जुळत नाही. मी प्लास्टर वर उचलून दाखवलं. ‘ते दिसतंय, मॅडम,’ ते अतिशय सौजन्यानं म्हणाले, ‘पण सही जुळत नाही.’ शेवटी एक फॉर्म निघाला, फोटो लागला, आणि सहीचा नमुना बदलून द्यावा लागला, डाव्या हातानं, चौकोनाच्या आत. काम झालं. मी विसरून गेले.

सप्टेंबरात उजवा हात चालायला लागला. गेट उघडायचे वेध लागले होते, जिप्स्या धुऊन उन्हात उभ्या होत्या, शेजारणीनं गाइडचा गणवेश इस्त्रीला टाकला होता. एका जुन्या अनुवादाचे पैसे अवचित जमा झाले म्हणून मी ऐटीत बँकेत गेले आणि माझी जन्माची, वळणदार, उजव्या हाताची सही ठोकली. त्याच गृहस्थांनी ती बराच वेळ पाहिली. मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तेव्हापासून लेख मी उजव्या हातानं लिहिते आणि त्यांचे पैसे डाव्या हातानं काढते. पण ती डावी सही मला तेव्हा जमली तशी आता जमत नाही. प्रत्येक वेळी निराळीच येते. म्हणून रोज रात्री जेवणं झाली की वहीत गिरवायला बसते. लेखनिक शेजारी बसून बँकेतल्या नमुन्याच्या फोटोशी ताडून बघते. तिच्या कामाची रीत तीच आहे, रिचार्जचा दर मात्र वाढला आहे. कालच्या सहीला तिनं दहापैकी सहा दिले.